नवशिक्यांची सरावाची पानं तपासताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवशिक्यांची सरावाची पानं ज्यांना तपासावी लागतात त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. दादरला रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या चित्रकलेच्या वर्गात जरा पुढे गेलेली मंडळी नव्यांची पानं बघतात. त्यात आर्किटेक्चरला असलेली मुलगी आहे, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, एक-दोन शाळेतले कलाशिक्षकही आहेत. चित्र सगळ्यांना येतं. पण समोरच्याच्या पानावर नेमकं बोलायचं काय, इथे बहुतेकांची गाडी अडते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

नुसत्या रेषांचं पान आहे. त्यावर बोलण्यासारखं असतं तरी काय?

भरपूर असतं. त्या पानात चित्र शोधायला गेलात तर मात्र हाती काही लागणार नाही. हात कसा चालला याच्या खुणा कागदावर राहिलेल्या असतात, त्या वाचायच्या.

पान डोळ्यांजवळ घ्या आणि एकच रेषा बघा. सुरुवातीला शाईचा टपोरा ठिपका आहे? म्हणजे पेन टेकवल्यावर विचार सुरू झाला. तोवर शाई झिरपत राहिली. शेवटी छोटा आकडा वळलाय? रेषा संपायच्या आधीच हात पुढच्या रेषेकडे निघाला. टोक निमुळतं होत विरून गेलंय? वेग चांगला होता, पेन चालता चालता उचललं गेलं. याला चूक म्हणू नका. सगळ्या रेषेत बारीक लाटा आहेत? हात हळू चालला आणि डोळा पेनच्या टोकाला चिकटून राहिला, त्यामुळे रेषा जरा हलली की दुरुस्ती, पुन्हा हलली की पुन्हा दुरुस्ती. आणि प्रत्येक रेषेला एकाच बाजूला मंद बाक असेल, तर मनगट किंवा कोपर एका जागी टेकून राहिलं आणि हात कंपासासारखा त्याभोवती फिरला. लांब रेषांमध्ये हा बाक जास्त दिसतो, आखूड रेषेत लपून जातो.

आता शेरा काय लिहायचा ते आपोआप सुचतं. ‘रेषा वाकड्या आहेत’ हे तर काढणाऱ्यालाही दिसतंच आहे. ‘पेन टेकवायच्या आधी रेषा कुठे जायची ते ठरव, टेकवल्यावर थांबू नकोस’ हे त्याला दिसत नसतं.

गिरवलेल्या रेषांना फाटे फुटतात. किती फाटे चालतील?

पट्टीने एक रेषा आखायची आणि तीच हाताने सात-आठ वेळा गिरवायची, असा हा सराव. शेवटाकडे फाटे फुटणारच, पहिल्या काही पानांवर तर केरसुणीसारखे. ते चालतात. सुरुवातीच्या टोकाला फुटलेले फाटे मात्र चालवून घेऊ नका, कारण तिथे कौशल्याचा प्रश्नच नाही. पेन नेमक्या बिंदूवर ठेवायला जरा दम धरावा लागतो, तो धरलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. हे स्पष्ट सांगा. पुढच्याच पानावर फरक पडतो आणि त्याचाही हुरूप वाढतो.

दोन बिंदू जोडताना एकाची रेषा सुळसुळीत पण बिंदू चुकवून जाते, दुसऱ्याची थरथरत जाते पण बरोबर बिंदूवर पोहोचते. कुणाला शाबासकी?

पहिल्याला. या बाबतीत आमच्यात दुमत नाही. बिंदू गाठणं सरावाने येतं. थरथरत बिंदू गाठायची सवय लागली की ती मोडायला मात्र फार वेळ जातो, कारण त्या मुलाला आपलं बरोबरच आहे असं वाटत असतं.

दुसऱ्याला हवेतला सराव द्या. दोन बिंदू काढायचे, कागद असा फिरवायचा की रेषा हाताच्या सोयीच्या दिशेने जाईल, पेन कागदाच्या जरासं वर धरून तीच हालचाल दोन-चार वेळा करायची आणि मग त्याच लयीत एकदम रेषा मारायची. चाळीत कॅरम खेळलेल्यांना हे समजावावं लागत नाही. स्ट्रायकर सोडण्याआधी बोट दोनदा हवेत चालवतात, आणि एकदा सोडला की मध्येच त्याला वळवता येत नाही.

कागद फिरवायची गोष्ट आवर्जून सांगा. शाळेत ‘वही सरळ धर’ ऐकून मोठी झालेली माणसं पन्नाशीतही कागद हलवायला बिचकतात.

‘खांद्यातून रेषा काढ’ हे सगळ्यांनाच सांगायचं ना?

सरसकट नको. हा शेरा इतका वापरला जातो की कित्येकदा पान न बघताच दिला जातो. वीतभर लांब रेषेला, मोठ्या लंबवर्तुळाला खांदा हवा. डोळ्याची पापणी किंवा कपाच्या कानाची कड काढायला मनगटच योग्य. शिवाय मुंबईतल्या घरांचा विचार करा. अर्ध्या विद्यार्थ्यांकडे टेबल नाही. कुणी पलंगावर उशी मांडीत घेऊन, कुणी जमिनीवर ओणवं होऊन काढतं. अशा बैठकीत खांदा मोकळा फिरणार कुठे? आधी विचारा, ‘बसून कसं काढलंस?’ उत्तरातच निम्मा फीडबॅक असतो.

स्वस्त उपाय म्हणजे परीक्षेचं क्लिप-पॅड. त्याची एक कड मांडीवर आणि दुसरी टेबलाला किंवा खिडकीच्या कट्ट्याला टेकवून उतार करायचा. याचा आणखी एक फायदा आहे. कागद जमिनीवर सपाट ठेवून काढताना त्याचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आखूड दिसतो. मग डोळा नकळत त्याची भरपाई करतो आणि चित्र उभं धरून बघितलं की तांब्याची मान लांबलेली निघते. ‘प्रमाण चुकलं’ असं लिहायच्या आधी कागद कसा ठेवला होता ते विचारलेलं बरं.

लंबवर्तुळं तपासताना नेमकं काय बघायचं?

आधी टोकं. नवशिक्याची लंबवर्तुळं दोन्ही टोकांना टोकदार होतात, कारण तो दोन कमानी जोडतो: एक वरची, एक खालची. लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो, टोकाला फक्त वळण घट्ट होतं. हात न उचलता त्याच लंबवर्तुळावरून दोन-तीनदा फिरायला सांगा. टोकं गोलावतात आणि हाताला लयही सापडते. चार-पाच फेऱ्या मारल्या की नुसतं भेंडोळं होतं, मग काही वाचता येत नाही.

मग फुगीरपणा. टेबलावर ठेवलेल्या पेल्याचा काठ आणि बूड दोन्ही डोळ्याच्या पातळीखाली असतात. काठ पातळीच्या जवळ, म्हणून त्याचं लंबवर्तुळ चपटं. बूड आणखी खाली, म्हणून त्याचं अधिक फुगीर. मुलं उलट करतात: काठ गोल गरगरीत आणि बूड चक्क सरळ रेषा, कारण पेला सपाट टेबलावर ठेवलाय हे त्यांना ‘माहीत’ असतं. वस्तुचित्रात सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच असावा. तोंडी सांगून पटत नाही. स्टीलचा पेला हातात द्या, डोळ्यासमोर धरून हळूहळू खाली न्यायला सांगा. काठाची आडवी रेषा उघडत उघडत गोल होत जाते, ते त्याचं त्यालाच दिसतं.

तिसरी गोष्ट कल. लंबवर्तुळाचे दोन अक्ष असतात, लांब आणि आखूड. नळकांड्याच्या मधून आरपार दांडा घातला तर आखूड अक्ष त्या दांड्याच्या दिशेने असतो. उभ्या पेल्यात दांडा उभा, म्हणून लंबवर्तुळ आडवं. तिरक्या बाजूने बघितलेल्या बेस्टच्या बसच्या चाकात दांडा म्हणजे चाकाचा आस, तो तिरका जातो, म्हणून लंबवर्तुळही कलतं. ‘चाक पडल्यासारखं दिसतंय’ असं वाटलं की आखूड अक्ष आखून बघा. तो आसाशी जुळत नसतो.

या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगू नका. टोकं सुधारेपर्यंत फुगीरपणाचा विषय काढू नये.

खोक्यांच्या पानांना काय शेरा द्यावा? मला स्वतःलाच नीट कळत नाही काय चुकलंय.

डोळ्याने ठरवू नका, रेषा लांबवून बघा. खोक्याला बारा कडा असतात, चार-चारच्या तीन गटांत. प्रत्येक गटातल्या चार कडा प्रत्यक्षात समांतर असतात आणि यथार्थदर्शनात, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं काढताना, लांब जाताना एकमेकींजवळ येतात. तीन रंगांची पेनं घ्या, प्रत्येक गटाला एक रंग, आणि आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने कडा लांबवा. चारही हळूहळू जवळ येत असतील तर खोका ठीक. दोन लवकर भेटून उरलेल्या दोन मोकाट सुटल्या असतील, किंवा जवळ येण्याऐवजी फाकत असतील, तर चूक तिथे.

दूर कुठली बाजू आणि जवळ कुठली, इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो आणि बरोबर काढलेला खोका चुकीचा ठरतो. म्हणून आधी सगळ्यात पुढचा कोपरा शोधून त्यावर टिंब द्या. तिथे तीन कडा इंग्रजी ‘वाय’सारख्या भेटतात. त्या कोपऱ्यापासून लांब जाणारी दिशा म्हणजे दूर. याच कोपऱ्यावर आणखी एक झटपट परीक्षा होते: खोक्याच्या तीन बाजू दिसत असतील तर तिथले तिन्ही कोन काटकोनापेक्षा मोठे हवेत. एखादा कोन काटकोनाहून लहान असेल तर पुढे काहीही केलं तरी तो खोका चेपलेला दिसणार.

आता कारण. नवशिक्या नवी कड काढताना शेजारच्या कडेकडे बघतो, जिच्याशी ती कोपऱ्यात जुळायची असते. बघायला हवं तिच्या गटातल्या बाकीच्या तिघींकडे. आधी काढलेल्या प्रत्येक रेषेची थोडीथोडी चूक साठत जाते आणि सगळी मागच्या कोपऱ्यावर येऊन आदळते. तिथे तीन रेषा एका बिंदूत भेटायच्याच नाकारतात. मुलं काय करतात, तर कशीबशी रेषा वाकवून कोपरा जुळवतात. असा वाकवलेला मागचा कोपरा दिसला की त्याबद्दल काही बोलू नका, तो परिणाम आहे. त्याआधी काढलेल्या कडा तपासा, दोषी रेषा तिथे सापडते. आणि पुढच्या पानासाठी एकच काम द्या: रेषा मारण्याआधी कोपऱ्याचा बिंदू ठेवायचा, गटातल्या चारही रेषा मनाने लांबवायच्या, पटलं तरच मारायची.

काही जणांचे खोके इमारतीसारखे दिसतात. कडा फार झपाट्याने एकत्र येतात तेव्हा ती वस्तू प्रचंड मोठी किंवा डोळ्याला अगदी टेकलेली वाटते. याला चूक म्हणता येत नाही, पण काडेपेटी काढायची असेल तर कडा जवळजवळ समांतरच बऱ्या.

छटांच्या पट्टीत, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत क्रमाने गडद करत न्यायच्या चौकोनांत, सगळे चौकोन सारखेच काळे होतात. पेन्सिल बदलायला सांगू का?

बघा आधी, पानाच्या मागे हात फिरवून. उठाव लागला तर पहिल्याच चौकोनात जोर लावलाय. हलक्या हाताने थरावर थर द्यायला सांगा, पट्टी पांढऱ्या टोकापासून नव्हे तर दोन्ही टोकांपासून भरायला सांगा. मधल्या छटा ठरवणं सोपं जातं. एचबीने खरा काळा येत नाही, त्यासाठी ४बी किंवा ६बी लागते, तेव्हा एखादी जास्तीची पेन्सिल हवीच. बोटाने घासून गुळगुळीत करायची सवय दिसली तर तेवढी थांबवा. घामाचा तेलकटपणा कागदावर बसतो आणि मग त्या जागी पेन्सिल चालत नाही. मुंबईच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

एका पानावर किती चुका दाखवाव्यात?

एक. फार तर दोन, तीही दुसरी पहिलीतूनच निघत असेल तर.

तुम्हाला नऊ दिसतील. आपल्याला किती कळतं हे दाखवायची ती जागा नाही. नऊ शेरे घेऊन घरी गेलेला मुलगा पुढच्या रविवारी येत नाही, आलाच तर नवाच्या नवांवर थोडंथोडं काम करून येतो आणि एकही धड सुधारलेला नसतो. कुठली एक निवडायची याचा आमचा अंदाज असा: जी सुधारली तर बाकीच्या दोन-तीन आपोआप कमी होतील ती. थरथर आणि लंबवर्तुळाचं टोक दोन्ही असेल तर थरथर आधी. मागचा कोपरा आणि पुढचा कोन असेल तर पुढचा कोन आधी.

मग ‘छान’ लिहायचंच नाही का?

लिहा की, पण कशाला छान ते लिहा. ‘तिसऱ्या ओळीतल्या रेषा बघ, तिथे हात मोकळा झालाय’ असं लिहिलं की तो मुलगा तिसरी ओळ परत परत बघतो आणि तिथे आपण काय केलं होतं ते आठवतो. बहुतेक पानांवर अशी एखादी ओळ असतेच, सहसा मधली, कारण सुरुवातीला हात आखडलेला असतो आणि शेवटी कंटाळा आलेला. व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा पाठवणं हे पान न बघण्याचंच सभ्य रूप आहे, असं माझं मत.

त्याच्या पानावर मी दुरुस्ती करून दाखवू का?

त्याच्या रेषेवर आपली रेषा नको. आपली रेषा सफाईदार असते, त्याची झाकली जाते, आणि तो घरी जाऊन तुमच्या रेषेची नक्कल करतो. ट्रेसिंग पेपर वर ठेवून त्यावर दाखवा. कागद उचलला की खाली त्याचं पान जसंच्या तसं. समासात छोटं रेखाटनही चालतं. खोक्यांच्या लांबवलेल्या कडा याला अपवाद, पण त्याही शक्यतो त्यालाच आखू द्या. रंगीत पेन हातात घेऊन स्वतःच्या रेषा फाकताना बघितल्या की आपण वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

पान वाईट असेल तर परत काढायला सांगावं का?

सरावाची समज दिसत असेल आणि फक्त हात कच्चा असेल तर नाही, पुढच्या सरावाकडे जाऊ द्या. हात पुढेही पक्का होत राहतो. सरावच चुकीचा समजला असेल, म्हणजे गिरवायच्या रेषा पट्टीने काढल्या असतील किंवा खोडरबर चालवलं असेल, तर अर्धंच पान परत मागा. पूर्ण पान परत मागितलं की ती शिक्षा वाटते.

आई-वडील विचारतात, ‘एलिमेंटरीला ए ग्रेड येईल का?’ काय सांगायचं?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगायचं, पण परीक्षेला नाक न मुरडता. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्रात लाखो मुलांच्या हातात पहिल्यांदा पेन्सिल नीट देतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असतं. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं, भूमितीत घनभूमितीची भर पडते, आणि तिथल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून पालकांचा जीव तिथे अडकलेला असतो, त्यात गैर काही नाही.

लंबवर्तुळ आणि खोक्याचा सराव वस्तुचित्राला थेट उपयोगी पडतो. तांब्या, बादली, पुस्तकांची चळत, सुटकेस यांत दुसरं असतं काय? स्मरणचित्रालाही पडतो. बसस्टॉपवरची रांग आठवून काढताना बस आधी खोकाच असते. संकल्पचित्राला फारसा नाही. तिथे आकारांची मांडणी आणि रंगसंगती लागते, त्याचा सराव वेगळा द्या. पुढे कला महाविद्यालयांच्या सीईटीलाही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असतंच, तेव्हा हा हात वाया जात नाही. ग्रेडचं भाकीत मात्र कुणी करू नये. पालकांसमोर मुलाच्या चुकाही वाचू नयेत. त्या मुलाला सांगायच्या असतात.

सत्तरीतले आजोबा आहेत. हात मुळातच थरथरतो. त्यांना काय सांगू?

थरथरीबद्दल काहीच सांगू नका, ती त्यांना माहीत आहे. मोठा कागद, मऊ पेन्सिल आणि जरा जास्त वेग सुचवा. वेगवान रेषेत कंप कमी दिसतो. प्रमाण, कल, छटा यांवर त्यांच्याशी नेहमीसारखंच आणि नेहमीइतकंच काटेकोर बोला. वयाकडे बघून ‘वा काका, मस्त!’ म्हटलेलं त्यांना लगेच कळतं, आणि आवडत नाही.

डावखुऱ्या मुलीच्या छटांच्या तिरक्या रेषा उलट्या दिशेने जातात. सुधारायला लावू?

मुळीच नाही. उजव्या हाताच्या रेषा साधारणपणे खालून डावीकडून वर उजवीकडे जातात, डाव्या हाताच्या वरून डावीकडून खाली उजवीकडे. लिओनार्दो डावखुरा होता, आणि त्याच्या रेखाटनांत ही उलटी तिरकी छटा सर्रास दिसते. तिला एवढंच सांगा की पान उजवीकडून भरत आणलं तर तळहाताने पुसलं जाणार नाही.

काही जण लोकलमध्ये सराव करून आणतात. ते पान ओळखू येतं का, आणि चालवून घ्यावं का?

ओळखू येतं. हाताची थरथर बारीक आणि सारखी असते. गाडीचा धक्का मध्येच एकदा बसतो, रेषा बरी चाललेली असते आणि अचानक पायरी पडते. एकाच उंचीवरच्या दोन-तीन रेषांना तशीच पायरी असली की समजायचं, सांधे बदलताना काढलंय.

रागवू नका. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्या माणसाला दिवसातला तोच वेळ मिळतो. पण रेषांचा सराव गाडीत होत नाही, हे सांगा. गाडीत डोळ्याचा सराव द्या: समोर झोपलेल्या माणसाच्या मानेचा कल, हँडल धरलेले हात, मांडीवरची बॅग किती चपटी झालीय. पोस्टकार्डाएवढ्या वहीत, दोन स्टेशनांच्या मध्ये एक. तिथे रेषेवर शेरा द्यायचाच नाही. कल आणि प्रमाण बघायचं.

यथार्थदर्शन कागदावर सांगून डोक्यात शिरत नाही. बाहेर पाठवायचं तर कुठे?

लांब जायला नको. दादरच्या फलाटावर उभं राहून बघायला सांगा. रूळ, फलाटाची कड, पत्र्याची कड, वरच्या तारा, सगळं लांब एका जागी गोळा होतं, आणि ती जागा आपल्या डोळ्याच्या उंचीवर असते. मग डोकी बघायची. आपल्याइतक्याच उंचीची माणसं जवळ असोत की फलाटाच्या टोकाला, त्यांचे डोळे त्याच आडव्या रेषेवर येतात. बाकावर बसलं की ती रेषाही खाली येते आणि उभ्या माणसांची डोकी रेषेच्या वर जातात. पादचारी पुलावर चढलं की सगळी गर्दी रेषेखाली. डोळ्याच्या उंचीची ही रेषा म्हणजेच क्षितिजरेषा. ती आपल्याबरोबर वर-खाली होते हे एकदा असं पाहिलं की फळ्यावरची आकृती लगेच कळते.

लंबवर्तुळासाठी ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवरचं घड्याळ. हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. समोरून घड्याळ गोल दिसतं, मैदानाच्या टोकाला चालत गेलं की चपटं होत जातं. घड्याळाच्या मध्यातून एक दांडा भिंतीशी काटकोनात बाहेर आलाय अशी कल्पना करायची आणि आखूड अक्ष त्या दिशेने आहे का ते पडताळायचं. नक्षी, पानंफुलं, वळणदार आकार बघायचे असतील तर सीएसएमटीची इमारत आहेच. तिच्यावरच्या कोरीवकामात १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि ही शाळाही तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मुलांना हे सांगितलं की ती त्या दगडी पानांकडे जरा जास्त वेळ बघतात.

पावसाळ्यात सगळ्यांचीच रेषा बिघडते. असं का?

हवेत ओल असते, कागद ती शोषून फुगतो. शाई पसरते, रेषेच्या कडा केसाळ होतात, पेन्सिल बोथट चालते, खोडलं तर कागदाचे तंतू निघतात. जुलैतल्या पानाची मार्चमधल्या पानाशी तुलना करून ‘तू मागे गेलास’ म्हणू नका. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा आणि शाईचं पेन पसरत असेल तर तेवढे दोन महिने साधं बॉलपेन चालू द्या. त्याची शाई घट्ट असते, ओल्या कागदावरही रेषा टिकते.

फोटोवरून पान तपासायचं असेल तर?

तक्रार करण्याआधी फोटो तपासा. जवळून, तिरका काढलेला फोटो कागदाच्याच कडा एकत्र आणतो. मग खोक्यांच्या कडा कुठे जातायत ते कसं ठरवणार? फोनच्या लेन्सने जवळून काढलं की कडेच्या भागातले आकार ताणले जातात. पान जमिनीवर ठेवून, फोन समांतर धरून, जरा वरून फोटो काढायचा आणि नंतर कापायचा. खिडकीपाशी, दिवसा. ट्यूबलाइटखाली हाताची सावली पानावर पडते आणि छटांची पट्टी अर्धी त्या सावलीत जाते. पानाच्या चारही कडा फोटोत आल्याच पाहिजेत. त्या सरळ आणि समांतर दिसल्या तरच पुढे बघा.

मी स्वतः अजून शिकतोय. मी कोण सांगणार?

गिरवलेल्या रेषांच्या टप्प्यावर असाल तर गिरवलेल्या रेषाच तपासा, खोके नको. सहा महिन्यांपूर्वी जे अडलं होतं ते तुम्हाला अजून आठवतंय. वीस वर्षं चित्र काढणाऱ्याला ते आठवत नाही, म्हणून तो ‘सराव कर, येईल’ म्हणतो. ज्यावर खात्री नाही ते लिहू नका, पानाच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्ह करा आणि शेजारच्याला दाखवा.

तपासलेली पानं ठेवून घ्यायची की परत द्यायची?

परत द्यायची. कोपऱ्यात तारीख आणि खाली तो एक शेरा, पेन्सिलने. पुढच्या वेळी नव्या पानाबरोबर जुनंही आणायला सांगा, म्हणजे तपासणारा बदलला तरी त्याला आधी काय सांगितलं होतं ते कळतं, आणि चार रविवारी चार जण चार वेगळ्या गोष्टी सांगत बसत नाहीत.